तुम्ही विचारलंत म्हणून: सिस्टर टिकत का नाहीत?

"मागल्या खेपेला ती चष्म्यावाली सिस्टर होती की, कुठं गेली?" अक्कलकोटहून, इंडीहून वरचेवर येणारे पेशंट मला हमखास विचारतात. काही जण उत्तरही देऊन टाकतात, "पुण्यात पगार जास्त असंल."

सोलापुरातल्या खाजगी दवाखान्यांत माझी १९ वर्षं गेली, त्यातली ७ इन्चार्ज, म्हणजे वॉर्डाची मुख्य सिस्टर म्हणून. पगाराचं खोटं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर नेमलेल्या समितीनं ५० खाटांहून लहान दवाखान्यातसुद्धा नर्सला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत असं सांगितलं. माझ्या हाताखालच्या कितीतरी मुलींना तेवढे कधी मिळाले नाहीत. पण पगार कमी आहे हे रुजू होतानाच माहीत असतं. सोडायचं मनात येतं ते एखाद्या नाईटला.

ती चष्म्यावाली मंगळवेढ्याची. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, हात हलका. म्हाताऱ्या माणसांची शीरसुद्धा पहिल्या टोचणीत सापडायची तिला. त्या रात्री फीमेल वॉर्डात २६ पेशंट आणि सिस्टर दोघीच, ही आणि आणखी एक. एवढ्या पेशंटना दोघी पुरत नाहीत. त्यात दुसरीला पेशंट घेऊन सीटी स्कॅनला जावं लागलं. एका आजीला धाप लागलेली, ही ऑक्सिजन लावून तिच्यापाशी. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या सिस्टरना पेशंट सोपवताना, खाटेमागून खाट नीट सांगत आली आणि नऊ नंबरला थांबली. सलाईन शिरेबाहेर जाऊन बाईचा हात कोपरापर्यंत टम्म सुजला होता. नातेवाईक वाट्टेल ते बोलून गेले होते, त्याचं तिला काही नव्हतं. "त्या बाईंनी मला दोनदा हाक मारली, सिस्टर. मला ऐकू येत होतं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात मेमो पडला. वॉर्डात दोघीच का होत्या, हे कुणी विचारलं नाही. महिन्याभरात तिनं राजीनामा दिला.

बाकी रोजचं आहेच. नाईट करून घरी जावं तर नेमका पाण्याचा दिवस. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी, ते भरल्याशिवाय आडवं होता येत नाही. जरा डोळा लागतो तोवर फोन: "आज परत नाईटला ये, ती आली नाही." ऑफ गेला. एक मुलगी सोडून गेली की तिची ड्युटी उरलेल्यांवर पडते, मग त्यांच्यातली एक जाते.

मी का टिकले? नवी असताना माझ्याही हातून चूक झाली होती. तेव्हाच्या इन्चार्ज माझ्यासोबत डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रात्री ही एकटी होती." मंगळवेढ्याच्या मुलीसाठी मी तशी उभी राहिले नाही. ते अजून लागतं मनाला.

तेव्हापासून ओव्हरच्या वहीत रोज वर लिहिते: पेशंट किती, सिस्टर किती. खाली माझी सही. मध्यंतरी आणखी एकीला मेमो आला, तेव्हा ती वही घेऊन मी ऑफिसात गेले. मेमो मागं घेतला गेला. ती मुलगी आहे अजून आमच्याकडं. पुढच्या खेपेला आलात की भेटेल.