कायोटी, करडं आणि .२२३: रायफल निवडण्याचा माझा अनुभव

टेक्ससच्या हिल कंट्रीत, ऑस्टिनच्या पश्चिमेला, आम्ही नवरा-बायकोनं थोडी जमीन घेतली आणि तिच्यावर शेळ्या पाळल्या. पशुपालनाच्या जमिनीला इथे कर बराच कमी बसतो, म्हणून शहरातून आलेले पुष्कळ जण शेळ्या ठेवतात. आमचा मात्र त्या कळपावर जीव जडला. मग करडं मरायला लागली.

रायफल हा आमचा पहिला उपाय नव्हता. आधी कुंपणाची जाळी खालून घट्ट केली, विणीच्या शेळ्या रात्री गोठ्यात घ्यायला लागलो, आणि कळपाची राखण करणाऱ्या ग्रेट पिरेनीज जातीची दोन कुत्री कळपात वाढवली. तरीही पहाटे एखादं करडू कमी दिसायचं. काउंटीच्या कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी एक गोष्ट शिकवली, ती शेळ्या पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी: मेलेल्या करडाच्या मानेची कातडी सोलून बघायची. कायोटी, म्हणजे इथला कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला जंगली प्राणी, बहुधा जबड्याच्या लगेच मागे, नरड्याला धरतो. केसांखाली सुळ्यांची भोकं आणि साकळलेलं रक्त दिसतं. मोकाट कुत्री मागचे पाय, कान, शेपटी, मिळेल तिथे फाडतात. आमच्याकडे खुणा नरड्यावर होत्या. हे कळेपर्यंत मी बंदुकीच्या दुकानाकडे फिरकलो नव्हतो. शेजाऱ्याच्या कुत्र्याचा गुन्हा कायोटीच्या माथी मारून निघणं मला मान्य नव्हतं.

कायद्याची बाजू आपल्या लोकांसाठी सांगून ठेवतो. मी ग्रीन कार्डवर आहे, त्यामुळे मला रायफल विकत घेता येते. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा आणि केंद्र सरकारची पार्श्वभूमी तपासणी व्हायची. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर बंदूक बाळगायलाच सहसा मनाई आहे. वैध शिकारी परवाना हा त्यातला एक अपवाद, पण त्यात पडण्याआधी वकिलाला विचारा. जनावरांवर हल्ला करणाऱ्या किंवा करण्याच्या बेतात असलेल्या कायोटीला मारायला टेक्ससमध्ये परवाना लागत नाही. मी तरी परवाना काढला आणि शिकारी शिक्षणाचा कोर्सही केला. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो इथे सक्तीचाच आहे.

आता मूळ प्रश्न: रायफल कोणती? (पुढे येणारे .२२३, .२२-२५० हे आकडे म्हणजे रायफलीच्या काडतुसांची नावं.) ज्याला विचारावं तो आपल्या कपाटातली रायफल सांगे. पलीकडच्या रँचवरचे वयस्क गृहस्थ म्हणाले, .२२-२५० सोडून काही घेऊ नकोस. दुकानातला मुलगा .२०४ रुगरच्या प्रेमात. ऑफिसातला मित्र म्हणे .२४३ घे, हरणालाही चालेल. तिघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच माझी पंचाईत झाली.

त्यातून वाट काढली ती लेझरच्या अंतरमापकानं. रायफल हातात नसतानाच मी तो घेऊन आमच्या जमिनीवर फिरलो. जिथे जिथे बसता येईल तिथून, सीडर आणि ओकच्या झाडांमधून, कुठपर्यंत मोकळं दिसतं ते मोजलं. बहुतेक ठिकाणी शंभर-सव्वाशे यार्ड. सगळ्यात लांबची मोकळी रेघ २२० यार्डांची. शिवाय प्रत्येक रेघेच्या शेवटी काय आहे तेही टिपलं. टेकडीचा मातीचा उतार असेल तर ठीक. मागे रस्ता, शेजाऱ्याचं घर किंवा नुसतं आकाश असेल तर ती जागा बाद. चांगल्या वाटलेल्या बऱ्याच जागा अशा गेल्या. रायफल घेऊ बघणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच करायला सांगेन.

तो कागद समोर ठेवल्यावर आकडे बोलायला लागले. .२२३ रेमिंग्टन ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची, गोळी सेकंदाला सुमारे ३,२४० फूट वेगानं सोडते. .२२-२५० तीच गोळी सुमारे ३,६८० फुटांनी. .२०४ रुगर २००४ साली आली. तिची ४० ग्रेनची गोळी ३,९०० फुटांच्या आसपास जाते. कागदावर .२२३ मागे पडते. पण .२२३ आणि .२२-२५० दोन्हींचा नेम २०० यार्डांवर जुळवला, तर ३०० यार्डांवर .२२३ची गोळी सुमारे सात इंच खाली येते आणि .२२-२५०ची सुमारे पाच. दोन इंचांचा फरक, तोही अशा अंतरावर जे माझ्या जमिनीत नाहीच. कायोटी असतो अकरा ते अठरा किलोंचा. दोनशे यार्डांच्या आत छातीत बसलेली .२२३ त्याला पुरून उरते.

त्या दोन इंचांची किंमत नळी मोजते. .२२-२५० मध्ये साधारण दीडपट दारू त्याच जाडीच्या नळीतून जळते, त्यामुळे नळीचा सुरुवातीचा भाग, घसा, लवकर झिजतो, आणि भराभर बार काढले की आणखी लवकर. .२४३ विंचेस्टर १९५५ची, .३०८चं काडतूस तोंडाशी आवळून केलेली. वाऱ्यात तिची जड गोळी कमी हलते आणि हरणासाठी ती खरोखर उत्तम आहे. पण धक्का जास्त. हलक्या धक्क्याच्या रायफलीत, दुर्बिणीचा झूम जरा कमी ठेवला, तर गोळी कुठे लागली ते स्वतःला दिसू शकतं. नवशिक्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. .१७ एचएमआरचाही विचार केला, आवाज कमी म्हणून. तिची १७ ग्रेनची गोळी खारी-सशांना ठीक. कायोटी त्यानं जखमी होऊन झाडीत जाऊन मरणार, आणि तसं मरण मला कुठल्याच जनावराला द्यायचं नव्हतं.

.२२३ साठी निर्णायक ठरला सराव. ती लष्करी ५.५६ मिलिमीटर काडतुसाची जुळी बहीण, त्यामुळे काडतुसं कुठल्याही गावातल्या दुकानात मिळतात आणि वरच्या बाकीच्या मोठ्या काडतुसांच्या मानानं स्वस्त पडतात. महाग काडतुसांची वेगवान रायफल कपाटात राहते. स्वस्त काडतुसांची रेंजवर जाते, आणि नेम रेंजवरच बसतो. एक खबरदारी मात्र पाळा: ५.५६ची काडतुसं .२२३ची म्हणून बनवलेल्या नळीत घालू नयेत. बाहेरून सारखी दिसली तरी तिथे दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतो. नळीवर काय कोरलंय ते वाचायचं.

त्याच कोरीव अक्षरांत पिळाचा आकडा शोधा. नळीतले आटे किती इंचांत एक फेरा पूर्ण करतात, तो पीळ. जुन्या .२२३ मध्ये बारा इंचांना एक फेरा असायचा, तो साधारण ५५ ग्रेनपर्यंत बरा. लांब, जड गोळीला जास्त फिरकी लागते. मी नऊ इंची पिळाची बोल्ट-ॲक्शन (दर बारानंतर हातानं दांडा ओढून पुढचं काडतूस भरायची) रायफल घेतली: ४० ग्रेनपासून ६९ ग्रेनपर्यंत सगळं तिला पचतं. गोळी प्लास्टिकच्या टोकाची, आत जाऊन फुटणारी निवडली. अशी गोळी खडकाळ जमिनीवर आपटली तर बहुधा तुकडे होऊन थांबते. चुनखडकांनी भरलेल्या आमच्या भागात मला हे फार महत्त्वाचं वाटतं, मात्र त्या भरवशावर मागे मातीचा उतार नसताना बार काढायचा नाही.

पहिला कायोटी जानेवारीतल्या एका पहाटे मिळाला. वारा तोंडावर घेऊन बसलो होतो, सशाच्या किंकाळीची शिटी वाजवत. कायोटी सरळ येत नाही, वळसा घालून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला वास घ्यायला जातो, म्हणून डोळे तिकडे लावायचे. १४० यार्डांवर तो थांबला. मागे उतार होता. कुत्री आधीच गोठ्यात बांधलेली होती, कारण पांढरी असली तरी अर्धवट उजेडात कुत्रं ते कुत्रंच असतं. एका गोळीत जागेवर पडला. आनंद झाला असं म्हणणार नाही. काम नीट झालं याचं समाधान होतं. कुत्री आणि कुंपण अजूनही तितकंच काम करतात, आणि विणीच्या काळात रायफलीपेक्षा त्यांचाच आधार मोठा.

यवतमाळकडचे नातेवाईक विचारतात, तुमच्याकडे हे चालतं तर आमच्या रानडुकरांना का नाही? तिकडे १९७२चा वन्यजीव कायदा आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय काही करता येत नाही. वडिलांनी तुरीच्या शेतात आयुष्यभर जागल केली आहे, त्यामुळे त्यांची तळमळ मला कळते. पण इथला माझा अनुभव तिकडे उचलून नेण्याजोगा नाही.

येत्या थंडीत ते रँचवाले गृहस्थ मला पश्चिम टेक्ससमध्ये त्यांच्या भावाच्या रानावर नेणार आहेत. तिथे झाड नाही, वारा दिवसभर, आणि कायोटी तीनशे यार्डांच्या पलीकडेच थबकतात. तिथे मी माझी .२२३ गाडीत ठेवून त्यांची .२२-२५० मागून घेणार आहे. निघण्याआधी तिच्यासह रेंजवर दोन-तीन सकाळी घालवायचं त्यांच्याशी ठरलं आहे.