शेवटच्या ओळीतला इंडेक्स

सणासुदीच्या सेलआधीचं शेवटचं रिलीज होतं. आमच्याकडे कुठला बदल आत घ्यायचा आणि कुठला थांबवायचा, हे ठरवणं माझं काम. सगळ्यांना धास्ती होती ती सवलतीच्या नव्या हिशेबाची. हजारो ओळींचा कोड, त्यात अनेकांचे हात लागलेले. तो मी फारशी चर्चा न करता पास केला. फीचर फ्लॅगमागे होता, सुरुवातीला शंभरातल्या एकाच ग्राहकाला दिसणार होता आणि काही बिनसलंच तर फ्लॅग बंद केला की जुना हिशेब परत सुरू.

अडवला तो यादीतला शेवटचा. डेटाबेसमधल्या ऑर्डर्सच्या टेबलावर एक इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून केलेली सूची. मायग्रेशनची, म्हणजे डेटाबेसच्या रचनेतल्या बदलाची, एकच ओळ.

"सर, टेस्टिंगला सेकंदात झाला," लिहिणारा मुलगा म्हणाला.

टेस्टिंगच्या टेबलात काही हजार नोंदी, प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सिस्टिमवर, कोट्यवधी. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये साधा 'क्रिएट इंडेक्स' चालू असेतो टेबल वाचता येतं, त्यात लिहिता येत नाही. म्हणजे साइट चालू, माल दिसतोय, आणि ऑर्डर मात्र पडत नाही. तीही ऐन सेलच्या तोंडावर!

प्रॉडक्शनच्या कॉपीवर दोघं बसलो. एका खिडकीत इंडेक्स सुरू केला, दुसरीत त्याला एक ऑर्डर घालायला सांगितली. एंटर दाबलं, पण काहीच परत येईना. तिसऱ्या खिडकीत चालू क्वेरी बघितल्या, तर त्याचा इन्सर्ट लॉकची वाट बघत अडकलेला.

"म्हणजे चेकआउटच बंद पडलं असतं," तो हळूच म्हणाला.

19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या अपडेटनं सुमारे 85 लाख विंडोज मशीन पडली. तीसुद्धा प्रोग्रॅमची नवी आवृत्ती नव्हती, नुसती कॉन्फिगरेशनची फाइल होती. कंपनीनं ती दीड तासाच्या आत मागे घेतली, तरी असंख्य मशीन लोकांना एकेक करून हातानं उठवावी लागली. म्हणून बदल केवढा आहे हे मी नंतर बघतो. एका फटक्यात किती जणांवर जाणार आणि मागे फिरता येईल का, हे आधी.

इंडेक्स 'कॉन्करंटली', म्हणजे टेबलात लिहिणं न अडवता, करायचा ठरला. तो ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा गठ्ठ्यात, चालत नाही आणि आमचं टूल प्रत्येक मायग्रेशन ट्रान्झॅक्शनमध्येच चालवतं, म्हणून त्या फाइलपुरतं ट्रान्झॅक्शन बंद केलं. रात्री गर्दी ओसरल्यावर सुरू केला, तर पुढे सरकेना. एक लांबलचक रिपोर्ट जुनं ट्रान्झॅक्शन उघडं धरून बसला होता आणि असा इंडेक्स ते संपायची वाट बघतो. इंडेक्स मध्येच मारला तर 'इनव्हॅलिड' होऊन मागे उरतो आणि तो वेगळा काढून टाकावा लागतो. म्हणून रिपोर्ट संपेपर्यंत थांबलो. ऑर्डर तोवर पडतच होत्या.

झाल्यावर इंडेक्स व्हॅलिड असल्याची खात्री त्या मुलानंच केली. मायग्रेशनच्या फॉर्ममध्ये 'प्रॉडक्शनला टेबल केवढं?' हा रकानाही त्यानंच वाढवला.