शांता हुबळीकरांच्या तबकड्या : दिवाळीनंतरचं काम

दिवाळी झाली, हवेतला ओलावा उतरला, आणि मालवणात पुन्हा ग्रामोफोनच्या तबकड्या बाहेर काढण्याजोगे दिवस आले. या हंगामात ठरवून एकाच कलावतीवर काम चाललंय : जुन्या मराठी बोलपटांतल्या गायिका-अभिनेत्री शांता हुबळीकर. ‘माणूस’ चित्रपटातल्या ‘कशाला उद्याची बात’ या गाण्याची तबकडी धुऊन, वाजवून, संगणकात उतरवून झाली. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या माळ्यावर हीच तबकडी पडलेली असणार, म्हणून काय केलं आणि काय ऐकू आलं ते सविस्तर सांगतो.

आधी बाईंविषयी, कारण त्या कुठून आल्या हे माहीत नसेल तर तबकडीत काय शोधायचं तेच कळत नाही. जन्म १९१४चा, हुबळीजवळच्या अदरगुंचीचा. मूळ नाव राजम्मा. आईवडिलांचं छत्र लवकर हरपलं, लांबच्या नात्यात वाढल्या. गाण्याचे धडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या शाळेत गिरवले. घरच्यांनी लग्नाचा घाट घातला तेव्हा घर सोडलं आणि गदगच्या महालक्ष्मी प्रासादिक नाटक मंडळीत दाखल झाल्या. कानडी रंगभूमीवर नाव झालं, मग कोल्हापूर गाठलं. तिथे भालजी पेंढारकरांनी त्यांना मराठी बोलपटात आणलं : ‘कालियामर्दन’ १९३५चा, ‘कान्होपात्रा’ १९३७चा. १९३८ साली प्रभात फिल्म कंपनीचा ‘माझा मुलगा’ आणि १९३९मध्ये व्ही. शांतारामांचा ‘माणूस’. मातृभाषा कानडी असलेली बाई मराठी पडद्यावर ‘माणूस’मधली वेश्या मैना म्हणून उभी राहिली, आणि आजही जुन्या माणसांसमोर मैना म्हटलं की शाहू मोडकांचा गणपत हवालदारही पाठोपाठ येतो.

मला या सगळ्यात ओढ आहे ती एकाच गोष्टीची. नाटकात कमावलेला आवाज मायक्रोफोनसमोर आल्यावर त्याचं काय होतं?

नाटक मंडळ्यांच्या काळात ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या माणसाने तिकिटाचे पैसे मोजलेत, त्याला शब्द न् शब्द पोचला पाहिजे, हा धर्म. आपल्याकडे दशावतार बघत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत, पायपेटी आणि झांजेच्या वरून संवाद मागच्या माणसापर्यंत फेकायचा तर छातीतूनच यावा लागतो. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, फेब्रुवारी १९३२मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि याच गळ्यांना अचानक हातभर अंतरावरच्या यंत्रासमोर गायला सांगितलं गेलं. सुरुवातीला पार्श्वगायनाची सोयही नव्हती. जो पडद्यावर दिसतो त्याने चित्रीकरण चालू असतानाच गायचं.

हे सगळ्यांना जमलं नाही. नाटकात स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या बालगंधर्वांसारखा गळा आणि तशी पुण्याई दुसऱ्या कुणाची नव्हती. १९३५मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले, म्हणजे पुरुषवेषात आले. १९३७च्या ‘साध्वी मीराबाई’त पुन्हा स्त्रीवेषात उभे राहिले, दिग्दर्शक खुद्द बाबूराव पेंटर. पण रंगमंचावर जो भास दहा हात अंतरावरून उभा राहतो तो कॅमेऱ्याच्या जवळिकीत टिकत नाही. बोलपटाला बाईच हवी होती, आणि ज्या बायकांनी रंगमंचावर तालीम घेतली होती त्यांना तो काळ अचानक अनुकूल झाला. शांताबाई त्या दारातून आत आल्या.

आता तबकडी. दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची, लाखेची. कणकवलीच्या एका घरातून आली. तिथे ती पत्र्याच्या पेटीत आडवी, एकावर एक रचलेली होती. कडेला टवका उडालाय, पण गाणं सुरू होतं त्याच्या बाहेर, त्यामुळे वाचलो. दोन्ही बाजूंना पांढरट बुरशी. कोकणात हे टळत नाही. मृगापासून दसऱ्यापर्यंत कागदी वेष्टनसुद्धा ओलं लागतं.

धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, आणि मऊ केसांचा ब्रश, खाचेच्या दिशेने गोल फिरवत. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. स्पिरिट मात्र चुकूनही नको : लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि एकदा पृष्ठभाग गेला की गाणंही गेलं. नवीन मंडळींना हे पुन्हा पुन्हा सांगतोय, कारण एलपी, म्हणजे नंतरच्या काळातल्या प्लास्टिकच्या तबकड्या, धुण्याचे बाजारातले काही द्राव नेमके त्याच प्रकारचे असतात. नंतर सावलीत उभी ठेवून वाळवायची. ऊन नको, तबकडी वाकते.

सुईचा प्रश्न महत्त्वाचा. एलपीची सुई या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन खरडते आणि नुसती खरखर ऐकू येते. ७८ला तीन मिल, म्हणजे साधारण ०.०७६ मिलिमीटर टोकाची सुई लागते. माझ्याकडे त्याहून किंचित रुंद एक सुई आहे, आणि या तबकडीवर तिनेच काम केलं. कारण असं : चावीच्या ग्रामोफोनचा पिन धरणारा साउंडबॉक्स जड, त्यात पोलादी पिन, आणि ती दर बाजूला बदलायची हा नियम फार थोड्या घरांत पाळला जायचा. त्या पिनेने खाचेची भिंत एका ठरावीक उंचीवर झिजवलेली असते. रुंद सुई त्या झिजेच्या थोडी वर टेकते आणि बरंचसं शाबूत गाणं उचलते.

वेग तपासायला तबकडीबरोबर फिरणारी स्ट्रोबची चकती वापरली, ७७ रेघांची, पन्नास हर्ट्झच्या विजेसाठी. निऑनच्या दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग मिनिटाला ७७.९२ फेऱ्यांवर आला समजायचं. आपल्याकडे व्होल्टेज कितीही नाचलं तरी वारंवारता फारशी हलत नाही, त्यामुळे ही पद्धत खात्रीची. तरीही शेवटी पेटीवर षड्ज लावून बघतोच, कान समाधानी व्हायला हवा. मूळ उतारा ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये, कुठलीही सफाई न करता वेगळा ठेवलाय. सफाईची प्रत त्यावरून. टिकटिक हाताने काढली, खरखर मात्र फार कमी केली नाही. खरखर पूर्ण पुसायला गेलं की आवाजातला श्वासही निघून जातो.

आणि इथेच मला जे हवं होतं ते सापडलं. खाच सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे आवाज मोठा, तिथे खाचेची वळणं रुंद, आणि तिथेच जड पिनेने सर्वांत जास्त ओरबाडलेलं असतं. म्हणजे झिजेचा नकाशा पाहिला तर गायिकेने आवाज कुठे फेकला ते डोळ्यांनीच कळतं. ‘कशाला उद्याची बात’ची बाजू भिंगाखाली धरली की करडे, चमक गेलेले पट्टे ठरावीक जागी दिसतात : ध्रुवपदाकडे परत येताना, सम गाठताना. मधल्या ओळींत काळी चकाकी अजून आहे. नाटकवाली बाई सगळीकडे फेक करत नाहीये. राखून ठेवतेय, आणि हवी तिथेच सोडतेय.

चित्रपट पुन्हा बघा. हे गाणं अनंत काणेकरांचं, संगीत मास्तर कृष्णरावांचं. मैना गिऱ्हाइकांसमोर गाते, आणि वेगवेगळ्या प्रांतांच्या माणसांसाठी गाण्यात वेगवेगळ्या भाषांची कडवी येतात. तिथे त्या खुशाल रंगमंचावरच्यासारख्या गातात : मान, हात, नजर, सगळं प्रेक्षकाला दाखवून. कारण मैनाही तिथे नाटकच करतेय. गणपतशी बोलताना तीच बाई आवाज इतका खाली आणते की शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही. दोन्ही तऱ्हा एकाच भूमिकेत, आणि कुठली कधी वापरायची याची पक्की जाण. माझ्या मते ‘माणूस’मधलं त्यांचं सर्वांत मोठं काम हेच आहे. दिग्दर्शकाचं श्रेय आहेच, पण एवढा फरक गळ्यात असल्याशिवाय कुणी करवून घेऊ शकत नाही. गणपतच्या आईच्या भूमिकेत सुंदराबाई आहेत, त्याही गाण्याच्या मैफली गाजवून आलेल्या, आणि चहाच्या दुकानातला पोरगा म्हणजे पुढे मोठे गवई झालेले राम मराठे. इतके कसलेले गळे एका चित्रपटात.

सफाईची प्रत आमच्या आळीतल्या आबांना ऐकवली. वय नव्वदीकडे झुकलेलं. पहिली ओळ संपायच्या आत म्हणाले, “ह्यां गाणां माझो बापूस होडयेर म्हणायचो रे.” मग डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा वाजवताना ताल मांडीवर धरला होता, आणि समेवर कुठेही चुकले नाहीत.

बाईंनी १९९०मध्ये आत्मचरित्र लिहिलं, त्याला नावही याच ओळीचं दिलं. १९९२मध्ये त्या गेल्या. पुढचे चित्रपट झाले, पण मैनेएवढं लोकांनी दुसरं काही लक्षात ठेवलं नाही, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. ‘कान्होपात्रा’ मला विशेष महत्त्वाचा वाटतो. तेच नाव, तीच कथा १९३१पासून बालगंधर्वांच्या नाटकाने घराघरांत नेलेली, आणि सहा वर्षांनी पडद्यावर एक स्त्री ती भूमिका करते. दोन्हींची गाणी शेजारी ठेवून ऐकायची आहेत.

म्हणून पुढचं काम तेच. बालगंधर्वांच्या ‘कान्होपात्रा’च्या तबकड्या माझ्याकडे चांगल्या स्थितीत आहेत, त्या आधी उतरवून घेतोय, थंडी आहे तोवर. हुबळीकरांच्या ‘कान्होपात्रा’चं काहीही, तबकडी असो, गाण्यांची चोपडी असो, तडा गेलेली असली तरी चालेल, सावंतवाडीपासून रत्नागिरीपर्यंत कुणाकडे असेल तर कळवा. मी येऊन तुमच्यासमोरच उतरवून घेईन, तबकडी घराबाहेर नेणार नाही. आणि कुणाकडे साडेतीन मिलची सुई जास्तीची असेल तर तीही हवी आहे, माझी आता शेवटाला आली आहे.