तेरा ‘इफ’ आणि एक पासपोर्ट

म्हापशाच्या बाजारात एका दुकानावरच्या माळ्यावर आम्ही सुरुवात केली, तेव्हा तिघं जण आणि एक इन्व्हर्टर एवढंच भांडवल. शुक्रवारी खाली एवढा गलका, की ग्राहकाचा फोन आला की जिन्यात पळायचं. कामं कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलांची: बुकिंग, बिलं आणि परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म सी. तो पाहुणा आल्यापासून २४ तासांत भरावाच लागायचा.

हॉटेलांची सॉफ्टवेअरं आमच्या वेब सर्व्हिसशी (इंटरनेटवरून निरोप घेणाऱ्या आमच्या प्रोग्रामशी) ‘सोप’ने, म्हणजे एक्सएमएल निरोपांच्या ठरलेल्या पद्धतीने, बोलायची. कुणाला अ‍ॅड्रेसिंग (निरोपाचा पत्ता निरोपातच लिहिणं) हवं, कुणाला पासपोर्टची स्कॅन जोडायची. आमचा क्लास, म्हणजे कोडचा तुकडा, एकच; नवं हॉटेल आलं की त्यात एक ‘इफ’, म्हणजे ‘हे हॉटेल असेल तर असं कर’ अशी अट, वाढायचा. एका पावसाळ्यात मोजले तर तेरा! चौदाव्यासाठी हात घातला आणि चौथ्या हॉटेलचं काम बंद पडलं. त्या मालकबाबांनी कोकणीत जे ऐकवलं, ते इथे नको.

जॅक्स-डब्ल्यूएस म्हणजे जावा भाषेत अशा वेब सर्व्हिस लिहायचं मानक; त्याच्या २.१ आवृत्तीतली फीचरची, म्हणजे हवी तेव्हा जोडायच्या जादा सोयीची, कल्पना तेव्हा नीट वाचली. फीचरचा क्लास अगदी साधा: एक ओळख आणि एक चालू-बंद. त्याच साच्यावर आम्ही आपली फीचर्स बेतली. एंडपॉइंटचा, म्हणजे हॉटेलांचे निरोप जिथे पोचतात त्या भागाचा, मूळ कोड कुणाचेच लाड करत नाही. कोणत्या हॉटेलला काय लागतं, ते त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलीत. त्यात फीचरचं नाव चुकलं, तर सर्व्हिस उठतच नाही. हा हट्ट माझा, आणि पोरं त्यावर अजून कुरकुरतात.

पहिला फायदा एमटॉमचा, म्हणजे सोपमधून फाइल पाठवायच्या पद्धतीचा. बेस६४ मध्ये, म्हणजे फाइलची साधी अक्षरं करून पाठवली की, स्कॅन सुमारे एक तृतीयांश फुगते. एमटॉममध्ये ती जशीच्या तशी बायनरी जाते. फक्त मर्यादा ठरवायची: त्याहून लहान फाइल मजकुरातच राहू दे.

चूकही इथेच झाली. लॉगिंगचं (आलेले निरोप नोंदवायचं) फीचर मास्किंगच्या (खाजगी आकडे झाकायच्या) आधी लावलं. चार दिवस पासपोर्ट नंबर उघडे लॉगमध्ये पडत होते. ग्राहकाला आम्हीच फोन करून सांगितलं, आणि लॉग पुसले. तेव्हापासून प्रत्येक फीचर आपल्या आधी कोण हवं ते स्वतःच सांगतं. क्रम बिघडला की बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनणं, तिथेच अडतो.

२०१८ मध्ये जावा ११ ने जॅक्स-डब्ल्यूएस जेडीकेतून, म्हणजे जावाच्या मूळ संचातून, काढून टाकलं. लायब्ररी वेगळी जोडायला आम्हाला एक दुपार लागली. बहुतेक नवे ग्राहक आता सोपऐवजी रेस्ट ही हलकी पद्धत मागतात, पण मास्किंगचं फीचर तिथेही तेच चालतं.

गणेश चवथीच्या आधी त्या चौथ्या हॉटेलवाल्यांनी दुसरी शाखा आमच्याकडे दिली. कॉन्फिगरेशन फाइल भरायला दहा मिनिटं लागली, पैसे मात्र तुळशीच्या लग्नानंतर आले.