आमची वाटचाल : प्रयोगशाळेच्या बुचापासून बाँगच्या कव्हरपर्यंत

भोसरी एमआयडीसीत रबराचे सुटे भाग करणारे गाळे पुष्कळ. त्यांतलाच एक आमचा. बाबांनी नव्वदच्या दशकात एका जुन्या हँड प्रेसवर काम सुरू केलं तेव्हा माल एकच होता : प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यांची बुचं. फ्लास्क असो, कंडेन्सर असो, ज्याला तोंड आहे त्याला बूच लागतं. बूच फुटत नाही, पण फुगतं, कडक होतं आणि मुख्य म्हणजे हरवतं. त्यामुळे मागणी कधी आटली नाही. पुढे नैसर्गिक रबर मागे पडून सिलिकॉन आलं. कुकरच्या रिंगा, औषध कंपन्यांची गॅस्केटं (सांध्यातली फट बुजवणाऱ्या चकत्या), डेअरीच्या पाइपांचे सील अशी कामं मिळत गेली. आज नव्यानं भेटणारा माणूस मात्र यातलं काहीच विचारत नाही. "ते बाँगचं कव्हर करणारे तुम्हीच ना?" असं हसू दाबत विचारतो. हो, आम्हीच. तर ते कसं घडलं, ते एकदा लिहून टाकतो.

हुक्का, आपली गुडगुडी आणि बाँग या तिन्हींचं तत्त्व एकच : धूर पाण्यातून ओढायचा. बाँग म्हणजे उभी काचेची नळी. बुडाशी पाणी, वर ओढायचं तोंड आणि बाजूनं पाण्यात उतरणारी एक बारीक नळी, जिच्या टोकाला चिलमीसारखी वाटी बसते. म्हणजे भोकं दोन, आणि आत सदैव पाणी. धक्का लागला की पाणी सांडतं. ते नुसतं पाणी नसतं, चिकट, तपकिरी, वास मारणारं असतं आणि गालिच्यावर सांडलं तर डाग जात नाही. काच फुटते ती वेगळीच.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ ला गांजा कायदेशीर झाला. आमच्याकडून मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत वर्षानुवर्षं बुचं घेणारा तिकडचा एक काचकारागीर होता. प्रयोगशाळेची काच फुंकणं हा त्याचा धंदा, पण त्यानंतर तो बाँगही करायला लागला. त्यानं सरळ आम्हालाच लिहिलं : तुमचं चौदाचं आणि एकोणिसाचं बूच काळ्या रंगात मिळेल का?

ही गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. बाँगची वाटी ज्या घासलेल्या काचेच्या सांध्यात बसते, तो सांधा प्रयोगशाळेतलाच आहे. रुंद टोकाला १४.५ किंवा १८.८ मिमी व्यास (बोलताना चौदा आणि एकोणीस), आणि दर १० मिमी लांबीला १ मिमी निमुळता. हा उतार आमच्या साच्यांत बाबांच्या काळापासून कोरलेला आहे. ज्या सांध्यावर रसायनशास्त्राची पोरं ऊर्ध्वपातन करतात, त्याच सांध्यावर तिकडे लोक संध्याकाळी झुरके मारतात. आम्हाला नवीन साचा करायचीही गरज नव्हती, नुसता रंग बदलायचा होता.

घरात मात्र चर्चा झाली. बाबा म्हणाले, "बूच मागतोय ना? मग बूच दे." आई एवढंच म्हणाली, "दे बापडा, पण ते नमुने देवघरासमोरच्या टेबलावर मांडून ठेवू नकोस." तो नियम आजही पाळला जातो.

इथे विकायचं नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरलं. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ माणसं गेली, आणि ठपका हुक्क्याच्या निखाऱ्यांवर आला. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्रानं तंबाखूविषयक कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घातली. चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते एक लाख रुपये दंड. गांजाचं तर अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानं सगळं स्पष्टच आहे. आमचं कव्हर म्हणजे सिलिकॉनचा तुकडा, त्याला कुठलाच कायदा लागत नाही, असं सांगणारे सल्लागार भेटले. असेलही तसं. पण जे वापरणंच इथे गुन्हा आहे, त्याचं झाकण इथे विकून कुणाला काय समजावत बसायचं? माल सगळा बाहेर जातो. आणि खोक्यावर 'पाण्यामुळे धूर शुद्ध होतो' असलं काही छापायला आम्ही साफ नकार दिला आहे. पाण्यातून गेला म्हणून धूर निरुपद्रवी होत नाही.

बुचांचा माल गेला आणि कारागिराचं पुढचं पत्र आलं. आता त्याला पूर्ण कव्हर हवं होतं : खालून बुडाला रुंद बैठक, काचेभोवती धक्का झेलणारी बाही आणि वरच्या तोंडाला टोपी. बॅगेत आडवी टाकली तरी थेंब बाहेर येता कामा नये. बाजारात तयार बाह्या होत्या, पण त्या नुसत्या अंगरख्यासारख्या होत्या. काच वाचवायच्या, पाणी नाही. आमच्या हातात आधीपासून जे होतं ते नेमकं उलटं. आम्हाला काच सजवता येत नव्हती, पाणी अडवता येत होतं. ड्रॉइंगवर आम्ही पहिल्यांदा गॅस्केट काढलं आणि कव्हर त्याच्याभोवती आखलं. आमच्या सगळ्या धंद्याचं सार मला विचाराल तर एवढंच.

अडचण होती वरच्या तोंडाची. सांधा यंत्रावर घासून अचूक मापाचा होतो, पण तोंड हातानं फुंकलेलं. एकाच कारागिराच्या दोन नळ्यांत दोन-तीन मिमीचा फरक सहज पडतो, शिवाय तोंड पूर्ण गोल असेलच याची खात्री नाही. जाड बूच एका नळीत रुतून बसायचं, दुसरीत लगेच निघून यायचं. तेव्हा आमच्या प्रेसवरच्या सगळ्यांत जुन्या ऑपरेटरनं, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, बाजूच्या पेटीतला डेअरीचा सील उचलून समोर धरला. "दादा, जाड कशाला करताय? ओठ द्या ना." टोपीच्या आतल्या बाजूला एकाखाली एक असे तीन पातळ ओठ दिले. नळी बारीक असली तर तिन्ही हलके टेकतात, जाड असली तर तिन्ही मागे वाकतात, आणि तोंड वाकडं असलं तर एखादा ओठ जिथे सुटतो तिथे दुसरा धरतो. साचा करताना सिलिकॉन थंड झाल्यावर सुमारे तीन टक्के आकसतं, तेवढं माप आधीच वाढवून घ्यावं लागतं. पातळ ओठांच्या बाबतीत हे गणित कागदावर पुरं होत नाही, घासूनच जमवावं लागतं.

मग उष्णता. बंद गाडीत उन्हात ठेवलेली वस्तू ६० अंशांपर्यंत सहज तापते. २० अंशांवर दोन्ही भोकं बंद केलेली बाँग ६० अंशांना गेली की आतली हवा सुमारे १४ टक्के फुगायला बघते. बाहेर जायला वाट नसली तर नुसत्या हवेचाच दाब तेवढा वाढतो, म्हणजे १४ किलोपास्कलच्या घरात. जो सील कमजोर तो उडतो. खालचा उडाला तर वरची हवा पाण्याला दाबून बाजूच्या नळीतून बाहेर काढते. आम्ही ओव्हनमध्ये ठेवून पाहिलं, अगदी असंच होतं. गळती थांबवण्यासाठी सील घट्ट करावा तर गाडीत स्फोटासारखा आवाज होऊन टोपी छताला लागणार.

उपाय टोपीच्या मधोमध एका पातळ पडद्यात निघाला. पडद्यात अधिक चिन्हासारखा बारीक काप. बाँग साधारण ३० सेंमी उंच. उलटी केली तरी पाण्याचा दाब ३ किलोपास्कलच्या वर जात नाही. काप त्यापेक्षा जास्त आणि १४ पेक्षा बऱ्याच कमी दाबाला उघडला की झालं. पाणी आत राहतं, हवा सुटते. पडद्याची जाडी तेवढ्यासाठी दशांश मिलिमीटरच्या हिशेबानं ठरवली. यातली एक खोच सांगतो, कारण हे काम करणाऱ्या नव्या मुलाला ती हमखास उपयोगी पडेल. सिलिकॉनचा माल प्रेसमधून काढल्यावर २०० अंशांच्या ओव्हनमध्ये चार तास भाजायचा असतो, म्हणजे आतले उडून जाणारे घटक निघून जातात आणि वास राहत नाही. काप या भाजण्याच्या आधी दिला तर त्याच्या कडा ओव्हनमध्ये पुन्हा एकमेकींना चिकटतात. वरून काप दिसतो, पण उघडत नाही. म्हणून आधी भाजायचं, मग कापायचं.

वासावरून आणखी एक. पेरॉक्साइडनं पकवलेल्या, म्हणजे कच्च्या मऊ मालाचं पक्कं रबर केलेल्या, सिलिकॉनला किंचित वास राहतो. गॅस्केट यंत्रात जातं तेव्हा कुणाला फरक पडत नाही, पण ही टोपी माणसाच्या तोंडाजवळच्या काचेवर बसणार. तेव्हा प्लॅटिनमनं पकणारा माल घ्यावा लागला. तो महाग, आणि नखरे तर विचारू नका. गंधकाचा जरा संपर्क आला तरी पकतच नाही, बोटाला चिकटत राहतो. नैसर्गिक रबर ज्या मिलवर (माल मळणाऱ्या रुळांच्या यंत्रावर) चालतं, त्या मिलवर तो घेता येत नाही. रबराचे साधे हातमोजेसुद्धा चालत नाहीत, कारण त्यांतही गंधक असतं. गाळ्याच्या मागच्या खोलीत वेगळी मिल, वेगळी टेबलं आणि गंधक नसलेले नायट्राइलचे मोजे अशी सोय केली. फ्लॅश (साच्याच्या कडेला आलेलं जादा रबर) काढणाऱ्या मावशींनी दारावर स्वतःच खडूनं लिहून टाकलं : 'जुने मोजे बाहेर काढा.' सोवळ्यातली खोली म्हणतात तिला आता सगळे.

त्याच वेळी गिऱ्हाइकाची नवी मागणी आली : पाणी थांबतंय, आता वासही थांबवा. याला आम्ही नाही म्हणालो. सिलिकॉनमधून वायू फार सहज आरपार जातात, ते त्या पदार्थाचंच लक्षण आहे. कव्हर कितीही जाड केलं तरी रात्रभरात बॅगेला वास लागणार. 'वासरोधक' छापून दोन हंगाम माल खपवता आला असता. आम्ही फक्त पाण्याची हमी देतो. गिऱ्हाईक तेव्हा थोडं नाराज झालं, पण टिकलं.

रंगांची कथा छोटी आहे. आम्ही हौसेनं गुलाबी, पोपटी, जांभळे नमुने पाठवले होते. तिकडच्या गांजाविषयक कायद्यात अल्पवयीन मुलांना भुरळ घालेल अशा रूपाच्या वस्तू, बाँगसारखं साहित्यसुद्धा, विकायला मनाई आहे. खरेदीदारानं जोखीम नको म्हणून काळा, राखाडी आणि लष्करी हिरवा एवढेच ठेवले. आईला हे ऐकून बरं वाटलं.

कागदपत्रांनी मात्र छळलं. निर्यातीच्या बिलावर वर्गीकरणाचा आकडा टाकायचा तर कोणता? ९६१४ मध्ये धूम्रपानाचे पाइप आणि त्यांचे भाग येतात. ३९२६ मध्ये प्लास्टिकच्या इतर वस्तू. आम्ही उभं आयुष्य 'रबरवाले' म्हणून काढलं, पण कस्टम्सच्या पुस्तकात सिलिकॉन प्लास्टिकच्या प्रकरणात बसतं. आमच्या कस्टम्स एजंटनं मुद्दा धरला की कव्हर नसलं तरी पाइप चालतो, म्हणजे हा त्याचा भाग नव्हे, वरची सोय आहे. माल ३९२६ खाली गेला. एका बँकेनं मात्र बिलावरचं वर्णन वाचून आमची रक्कम बरेच दिवस अडकवून ठेवली. अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष नमुना नेऊन दाखवला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून विचारलं, "हे पाण्याच्या बाटलीला बसेल का हो?" बसतं. त्यांना एक देऊन आलो.

पैशांचं सांगायचं तर इथल्या मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क आम्ही सोडलेलं नाही, रोजचे पगार त्यातूनच निघतात. पण तिथे ड्रॉइंग त्यांचं, भाव त्यांचा आणि बिलाची तारीखही त्यांच्या मर्जीची. या कव्हरचं ड्रॉइंग आमचं आहे आणि अर्धे पैसे माल चढायच्या आधी येतात. २०२१ मध्ये चीनमधल्या वीजटंचाईनं सिलिकॉनचे भाव भडकले, तेव्हा भाववाढ मागायचं धाडस आम्हाला फक्त याच मालात झालं, आणि ती मिळाली.

थंडीबद्दल एक सूचना आम्ही प्रत्येक खोक्यात चिठ्ठी घालून देतो. सिलिकॉन उणे ५० अंशांपर्यंत मऊ राहतं, पण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि काच फोडतं. कॅनडातल्या हिवाळ्यात गाडीत ठेवायची असेल तर पाणी ओतून टाका. त्याला आमचा सील काही करू शकत नाही.

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून गांजावरचे निर्बंध काही अंशी सैल झाले. तिकडून चौकशी आली ती मात्र हुक्क्याच्या भांड्यासाठी. हुक्का बाँगपेक्षा कठीण आहे. वरचा दांडा जड, खालचं भांडं काचेचं, वजन सगळं डोक्यात, आणि नळीसाठी बाजूला भोक. आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात बिदरी (काळ्या धातूवर चांदीची नक्षी केलेल्या) हुक्क्यांची भांडी पाहायला मिळतात. जुनी भांडी गोल असत, ती वेगळ्या गोल कड्यावर टेकवून ठेवावी लागत. पुढे घंटेच्या आकाराची, स्वतःच्या बुडावर बसणारी भांडी आली. आम्ही त्या कड्याचीच कल्पना घेऊन सिलिकॉनची रुंद बैठक आखली आहे. दांडा काढल्यावर गळ्याला तीन ओठांची टोपी आणि नळीच्या भोकाला वेगळं बूच.

गळा चांगला धरतोय. बाजूचं भोक भांडं आडवं केल्यावर अजून पाझरतं, कारण तिथे काच तिरकी जोडलेली असते आणि ओठांना सगळीकडून सारखं टेकायला जागा मिळत नाही. टूलरूमला मधला ओठ थोडा लांब करायला सांगितलंय. गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी, त्यामुळे दुरुस्त साचा शुक्रवारी प्रेसवर चढेल.