यादीत तोंड नव्हतं

वेंगुर्ला, सोमवार, १४ जुलै. रात्रीचे साडेअकरा.

संध्याकाळपासून तीनदा लाईट गेली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा माझ्या लॅपटॉपवर चाललेलं कॅन्सर संशोधनाचं टास्क ७२ टक्क्यांवर होतं, परत आल्यावर ६८ पासून सुरू झालं. त्याची बॅटरी मागच्या पावसाळ्यातच गेली, त्यामुळे वीज गेली की लॅपटॉप सरळ बंद पडतो. प्रोग्राम मधून मधून काम जतन करत राहतो म्हणून चारच टक्के बुडाले. सुरुवातीला अशा वेळी जीव वरखाली व्हायचा. आता माहीत आहे, माझ्याकडून मुदतीत उत्तर गेलं नाही तर तेच काम दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनकडे जातं.

आम्ही सहा जण जूनपासून हे करतोय. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड हा उपक्रम २००४ मध्ये आयबीएमने सुरू केला, २०२१ मध्ये तो टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे गेला. आपल्या कॉम्प्युटरला काम नसेल तेव्हा तो त्यांची गणितं करतो. आमच्याकडे येतं ते ‘मॅपिंग कॅन्सर मार्कर्स’चं काम, २०१३ पासून चालू असलेलं. रुग्णांच्या पेशींच्या नमुन्यांतून जनुकांची माहिती घेतलेली आहे. त्यातल्या कुठल्या खुणा एकत्र दिसल्या तर कॅन्सर लवकर ओळखता येईल, हे शोधायचं. पण खुणांची जुळणी इतक्या तऱ्हांनी करता येते की एका ठिकाणी बसून सगळ्या तपासणं अशक्य, म्हणून त्याचे लहान लहान तुकडे करून जगभर वाटतात. माझ्या वाट्याला आलेल्या तुकड्यांतून बहुतेक वेळा ‘इथे काही नाही’ एवढंच निघत असणार. तेही कुणीतरी तपासून सांगायला हवंच. मुलांच्या कॅन्सरवरच्या आधीच्या एका प्रकल्पात औषधासाठी तीस लाख रासायनिक संयुगं अशीच चाळली होती, त्यातून कामाची वाटणारी सात हाती लागली. सात! हे वाचल्यापासून मी टक्क्यांकडे वेगळ्या नजरेने बघते.

आमच्या ग्रुपवर या कामासाठी मिळणाऱ्या गुणांची चढाओढ चालते, कुणाचा नंबर कितवा. मला ती आवडत नाही. ज्याच्याकडे नवा डेस्कटॉप आणि इन्व्हर्टर आहे त्याचेच गुण जास्त होणार.

गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा नीट वाचलं, या प्रकल्पात कुठले कॅन्सर घेतलेत ते. फुप्फुस. बीजांडकोश. मग सार्कोमा, म्हणजे हाडं-स्नायूंसारख्या भागांतला. यादी मी दोनदा वर-खाली केली. तोंड नव्हतं.

काकीचा तोंडाचा होता. गालाच्या आतला फोड तिने होळीपासून गणपतीपर्यंत लपवला, जेवताना पदर तोंडाशी धरायची. मग कुडाळहून तुतारी एक्सप्रेसने दादर, तिथून परळला टाटात. निळ्या प्लास्टिकच्या पिशवीतली तिची फाईल अजून आमच्या कपाटात आहे. मी या ग्रिडचा फॉर्म भरला तो तिच्यासाठी, हे मी कुणाला बोलले नव्हते.

यादीबद्दल आजीला सांगितलं. रोज रात्री ती लॅपटॉपशेजारी काडेपेटी आणून ठेवते. पावसात काड्या सर्दावतात, आणि जिथून गरम वारा येतो तिथे ठेवल्या की सकाळी चूल एका काडीत पेटते. त्याच निमित्ताने ती विचारते, “ह्यो रातभर कित्याक चालू ठेवतंस गो?” मी म्हटलं, काकीसारख्यांसाठी म्हणून ठेवला होता, पण तोंडाचा आजार त्यात नाहीच. ती थोडा वेळ काड्या सारख्या करत बसली. मग म्हणाली, “मगे दुसऱ्या कोणाक तरी होतलो मां उपयोग.”

म्हणून चालू ठेवलाय. फुप्फुसाचा आजार झालेली कुणाची तरी काकी असेलच.

पण आज एक वेगळीच गोष्ट टोचत राहिली. लॅपटॉपच्या वरच्याच फळीवर आजीचा मिश्रीचा डबा असतो. तव्यावर तंबाखू भाजली की घरभर जो ठसका उठतो तो मला लहानपणापासून ओळखीचा आहे. काकीही त्याच डब्यातली लावायची. टोरांटोसाठी माझी मशीन रात्र रात्र जागते आणि हाताच्या अंतरावरच्या डब्याबद्दल मी तीन वर्षं अवाक्षर काढलं नाही, कारण आजी रागावेल. मिश्रीने तोंडाचा कॅन्सर होतो हे शोधायला आता कुठल्याही कॉम्प्युटरची गरज नाही.

आज तिसऱ्यांदा लाईट गेली तेव्हा बोलले. ती म्हणाली, “माका इतक्या वर्सात काय जावक नाय.” मी म्हटलं, मग तोंड दाखव. नाही म्हणाली. मी काकीचं नाव घेतलं. मग कंदील बाजूला करून ती माझ्यासमोर बसली आणि मी मोबाईलचा टॉर्च धरला. जीभ, तिची खालची बाजू, दोन्ही गाल. डाव्या गालाच्या आत, दाढेजवळ, नखाएवढा पांढरट चट्टा आहे. बोटाने पुसून पाहिला, जात नाही. दुखत नाही म्हणते. कधीपासून आहे, तिला माहीत नाही.

मला त्यातलं काही कळत नाही, आणि जे कळतं ते आज रात्री डोक्यात आणायचं नाही. उद्या प्रॅक्टिकल आहे, ते सोडणार. सकाळच्या एसटीने आजीला घेऊन सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांकडे जायचं. केसपेपर नऊला सुरू होतो. आजी यायला तयार आहे, फक्त म्हणाली, काकांना आत्ताच सांगू नको.

डबा फळीवरून काढून माझ्या दप्तरात ठेवलाय. तिने बघितलं, काही बोलली नाही.

लाईट आली आहे. ८१ टक्के.