थाळनेर ते बऱ्हाणपूर: फारुकींच्या राजधानीमागोमाग

खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी बघायला लोक थेट बऱ्हाणपूरला उतरतात. सुरुवात थाळनेरला करा. शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं हे गाव म्हणजे घराण्याचा संस्थापक मलिक राजा याचं ठाणं. किल्ला बराचसा ढासळलाय, पण फारुकींच्या कबरी उभ्या आहेत. त्यातल्या अष्टकोनी, कोरीव कबरीला पुरती प्रदक्षिणा घाला. तासभर पुरतो.

मलिक राजा १३९९ मध्ये गेला. थाळनेर धाकट्या मुलाकडे, थोरल्या नसीर खानाकडे धुळ्याजवळचा लळिंग किल्ला. नसीरने असीरगड घेतला, खाली तापीच्या उत्तर तीरावर बऱ्हाणपूर वसवलं आणि थाळनेर भावाकडून १४१७ मध्ये हिसकावलं. शहराचं नाव खुलताबादला चिरविश्रांती घेणाऱ्या सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून; पलीकडचं जैनाबाद त्यांच्या शिष्यपरंपरेतल्या जैनुद्दीन यांच्या नावाचं.

थाळनेरहून बऱ्हाणपूर चोपडा-यावल-रावेर रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास. केळीच्या ट्रकांमागे वेग मिळत नाही, चार तास धरा.

नदीकाठचं व्यापारी शहर म्हणून गलबतांचा धक्का शोधू नका. इथला व्यापार बैलांच्या पाठीवरचा: सुरत-आग्रा रस्ता, तापी ओलांडायचा उतार आणि सातपुड्याची खिंड.

जामा मशिदीत सकाळी जा, नमाजाची वेळ टाळून. शुक्रवारी दुपारी तर नकोच. पश्चिमेच्या भिंतीत उत्तर टोकाला अरबी लेखाबरोबर चक्क संस्कृत लेख आहे. सृष्टिकर्त्याला नमन, मग फारुकींची वंशावळ, मग शके १५११ ची तिथी, पंचांगात लिहावी तशी. बहुतेक जण मधल्या मिहराबाचा (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याचा) फोटो काढून परततात आणि हा लेख राहून जातो. शाही किल्ल्यातल्या हमामाच्या छतावरची चित्रं अंधारात आहेत, विजेरी न्या. मुमताजला १६३१ मध्ये आधी पुरलं ती आहुखाना बाग जैनाबादच्या बाजूला, पूल ओलांडून. किल्ल्यात शोधत बसू नका.

असीरगड वीसेक किलोमीटरवर, खांडव्याच्या वाटेवर. त्याला अर्धा दिवस द्या, पाणी खालूनच न्या. तटावरून खिंडीतला रस्ता दिसतो आणि नसीरने आधी गड का घेतला ते कळतं. मार्च ते जून हा बेत आखूच नका.

रेल्वे स्टेशन लालबागला, गावापासून बरंच लांब. कुंडी भंडारा ही जुनी भुयारी पाणीयोजना त्याच बाजूला असल्याने ती निघायच्या दिवशी ठेवा. भुयारात उतरवणारी लिफ्ट बंदही असते, आदल्या दिवशी चौकशी करा. मावा जिलबी मात्र गावातूनच बांधून घ्या.